फुलीचा पत्रा: सात लिटरच्या शांत कॅबिनेटच्या नोंदी

५ जानेवारी २०२५

मावशी अंध वाचकांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. तिच्या पुण्याच्या घरातलं टेबल म्हणजे जुन्या शिलाई मशीनचं स्टँड, वर फळी टाकलेली. खाली पायडल असल्यामुळे कॉम्प्युटर टेबलाखाली जाऊ शकत नाही. माइक, स्क्रीन आणि कॅबिनेट सगळं एकाच फळीवर, हाताच्या अंतरावर. कॉम्प्युटरचं सध्याचं मोठं कॅबिनेट, म्हणजे बाहेरची पेटी, तिच्या प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये मागे गुणगुणत असतं. रेकॉर्डरमधला खालच्या आवाजाचा फिल्टर ८० हर्ट्झपर्यंतचं कापतो, पण ही गुणगुण त्याच्या वर आहे. आणखी कापत गेलं तर तिचा आवाज पोकळ होतो.

म्हणून तिच्यासाठी छोटी, शांत पेटी करायला घेतली आहे. आतल्या वस्तू ठरल्या आहेत, त्यावर इथे जास्त लिहिणार नाही: १७० × १७० मिमीचा मिनी-आयटीएक्स बोर्ड (छोट्या मापाचा मदरबोर्ड), ६५ वॉटचा प्रोसेसर, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, हार्ड डिस्क नाही, १२ व्होल्टचा अडॅप्टर बाहेर. प्रोसेसरवर फॅन नसलेला उभा हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारी धातूची पाती) आणि सगळ्या पेटीत मिळून एकच १२० मिमीचा फॅन. या नोंदी फक्त बाहेरच्या अंगाच्या आहेत. पेटी शांत राहणार की नाही, हे निम्म्याहून जास्त तिथेच ठरतं असं माझं ठाम मत आहे, आणि ते बाहेरून दिसलंही पाहिजे.

१२ जानेवारी

पहिलं माप. बोर्ड उभा, त्याच्या खाली हवेसाठी २० मिमी, वर फॅनचे २५ मिमी, फॅन आणि माथ्याची जाळी यांच्यात १५ मिमी. खोली २००, रुंदी १३०, उंची २५० मिमी. साडेसहा लिटर. रुंदी याहून कमी करता येईल, पण मग १२० चा फॅन आडवा बसत नाही आणि ९२ वर यावं लागतं. लहान फॅन तेवढीच हवा ढकलायला जास्त फेऱ्या घेतो. रुंदी १३०च राहील.

हवा खालून आत, माथ्यातून बाहेर. ही मांडणी नवी नाही. २००० साली आलेला ॲपलचा जी-४ क्यूब फॅनशिवाय असाच चालायचा, २०१३ च्या गोल मॅक प्रोमध्ये माथ्याशी एकच फॅन होता. मला यातलं आवडतं ते हे की फॅनचं तोंड छताकडे राहतं. माइकच्या दिशेला एकही भोक नाही.

१९ जानेवारी

बाजारात ‘सायलेंट’ म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच कॅबिनेटचं दर्शनी अंग बंद असतं आणि आत स्पंज चिकटवलेला असतो. मला ती वाट पटत नाही. ११० हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी तीन मीटरच्या पुढे जाते, दहा मिमीचा स्पंज तिला अडवू शकत नाही. तो फक्त वरचा सळसळाट थोडा खातो. उलट पेटी बंद केल्यामुळे फॅनला जोरात फिरावं लागतं. फॅनच्या फेऱ्या निम्म्या केल्या तर आवाज ढोबळमानाने १५ डेसिबलनी उतरतो. एवढा फायदा कुठलाही स्पंज देत नाही. म्हणजे हवेला मोकळी वाट द्यायची आणि फॅन मिनिटाला ६०० फेऱ्यांच्या आसपास ठेवायचा.

गरम हवा आपोआप वर जाते, हे मला गेल्या आठवड्यात बऱ्याच जणांनी सांगितलं. खरं आहे, पण आकडा मांडून बघितला. पाव मीटरच्या पेटीत आतली हवा बाहेरच्यापेक्षा १५ अंशांनी गरम असली तर वर ओढणारा दाब सुमारे ०.१५ पास्कल भरतो. अगदी सावकाश फिरणारा चांगला १२० मिमी फॅनसुद्धा एक-दोन पास्कल देतो. त्यामुळे फॅन वर ठेवण्याचं कारण आवाजाची दिशा आणि फॅनच्या आत जाणाऱ्या बाजूची मोकळीक. फॅन जिथून हवा ओढतो तिथे अगदी जवळ जाळी असली की पात्यांवर हवा तुटक पडते आणि सूर लागतो. इथे आत यायची जाळी थेट तळाला, फॅनपासून लांब. बाहेर पडायची जाळी जवळ चालते.

पायांचं गणित: १२० च्या फॅनचं मधला गोळा सोडून मोकळं क्षेत्रफळ साधारण ९,२०० चौरस मिमी. तळाचा परीघ ६६० मिमी, म्हणजे १५ मिमीच्या पायांवर बाजूची वाट जेमतेम तेवढीच होते. पाय २० मिमीचे घ्यायचे.

२ फेब्रुवारी

पुठ्ठ्याचं मॉडेल करून मावशीच्या टेबलावर ठेवून आलो होतो. आज गेलो तर त्याच्या माथ्यावर क्रोशाचा रुमाल, रुमालावर चष्म्याची डबी आणि तुळशीची माळ.

मी म्हटलं, “मावशी, इथूनच सगळी हवा बाहेर पडणार आहे.”

“अरे, पण सपाट आहे ना ते. सपाट दिसलं की हात जातोच. टीव्हीवर ठेवायचो, फ्रिजवर ठेवतो. तू नको सांगितलंस तर मी नाही ठेवणार, पण कामाला येणारी ठेवेल.”

तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. ‘इथे काही ठेवू नका’ असं चिकटवून घरातल्या सवयी बदलत नाहीत. आपल्या घरांत सपाट माथा ही जागाच समजली जाते. जी-४ क्यूबचीही हीच अडचण होती: हवेची वाट माथ्यावर आणि माथा सपाट.

तिथेच बसून पुठ्ठा कापला. मागची कड २५० मिमीच ठेवली, पुढची ३०४ केली. १५ अंशांचा मागे जाणारा उतार. पेटी ७.२ लिटरची झाली. पाऊण लिटर वाढलं ते मला मान्य आहे. उताराचे आणखी दोन फायदे लगेच दिसले. गरम हवा मावशीच्या तोंडावर न येता भिंतीकडे जाते, आणि समोर बसलेल्याला माथ्याच्या फटी अजिबात दिसत नाहीत. दिसतं ते फक्त दर्शनी अंग. तिनं रुमाल उचलून घडी केला आणि ड्रॉवरमध्ये ठेवला.

८ फेब्रुवारी

भोसरी. पत्र्याचं काम करणारे हे गृहस्थ एरवी एसीचे डक्ट आणि विजेच्या पॅनलच्या पेट्या करतात. मी ॲल्युमिनियमचं बोलायला गेलो होतो, १.५ मिमी, ५०५२ जातीचं. छोट्या कॅबिनेटच्या दुनियेत ॲल्युमिनियमला मान आहे. त्यांनी ड्रॉइंग बघितलं आणि विचारलं, “हलकं कशाला पाहिजे? उचलून न्यायचंय का रोज?”

नाही. ते टेबलावरच राहणार आहे. मग हिशोब केला. पेटीचा सगळा पत्रा मिळून ०.२४ चौरस मीटरच्या जरा आत. १.५ मिमी ॲल्युमिनियमचं वजन एक किलोच्या आत, १.२ मिमी सीआरसीए (थंड लाटलेल्या) लोखंडाचं सव्वादोन किलो. शिवाय हा लोखंडी पत्रा वाकायलाही त्या ॲल्युमिनियमच्या जवळजवळ दीडपट कडक. शांततेसाठी वजन आणि कडकपणा दोन्ही हवेत, आणि हा पत्रा त्यांच्याकडे रोज वापरात आहे, कोपरे कसे येतील हे त्यांच्या हाताला माहीत आहे. लोखंड ठरलं.

मग मी माझी खरी काळजी सांगितली. बाजूचा सपाट पत्रा, चौकोनी धरून आणि कडांना टेकलेला मानून, ११० हर्ट्झच्या आसपास स्वतःहून घुमतो असं गणित सांगतं. नऊ पात्यांचा फॅन मिनिटाला ७३० फेऱ्यांवर नेमका ११० हर्ट्झचा सूर काढतो. मावशी आवाज साफ करायला टाकते तेव्हा प्रोसेसर तापतो आणि फॅन त्याच टप्प्यातून जातो. सूर आणि पत्रा जुळले की बाजूचा पत्रा स्पीकरचं काम करतो. त्याची दुप्पट २२०, ती तर थेट तिच्या आवाजात.

मी डांबरी पट्ट्या चिकटवायचं बोलत होतो. ते उठले, कोपऱ्यातून डक्टचा एक तुकडा आणला आणि माझ्यासमोर धरला. मोठ्या डक्टच्या प्रत्येक सपाट बाजूवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन तिरप्या, अगदी हलक्या मोडी. फुली. “हवा चालू-बंद झाली की सपाट पत्रा ढबढब वाजतो. फुली मारली की गप्प.” डक्टवाले याला क्रॉस ब्रेक म्हणतात. मी शेकडो वेळा छताखालच्या डक्टवर ती बघितली आहे आणि कधी विचार केला नाही की ती का असते.

त्यांनी तिथल्याच रद्दी पत्र्यातून माझ्या मापाचे दोन तुकडे कापले. एक सपाट, एका तुकड्याला बेंडिंगवर आधी एक तिरपी मोड, मग दुसरी, मधला बिंदू कडांपेक्षा जेमतेम दोन मिमी वर. कडा नंतर मोडल्या, कारण आधी कडा मोडल्या तर फुली मारायला पत्रा मशीनमध्ये बसतच नाही. दोन्ही बोटाच्या पेरानं वाजवून बघितले. सपाट तुकडा ‘ढब्ब’ म्हणून घुमत राहिला. फुलीवाला ‘टक्’ म्हणाला आणि थांबला.

परत येताना बसमध्ये सगळं डिझाइन डोक्यात बदललं. मी या बाजूच्या पत्र्यावर काय करावं याचा महिनाभर विचार करत होतो: कोरीव रेषा, जाळीची नक्षी, काहीच नाही. आता तिथे फुली येणार. ती बाहेरच्या बाजूला फुगलेली ठेवायची, आतून डांबरी पट्टी नाही, वर पट्टी नाही, काही लपवायचं नाही. पेटी गप्प का आहे हे बघणाऱ्याला तिच्या अंगावरच दिसेल.

१६ फेब्रुवारी

बाजू आता चौकोन नाही, पुढे उंच आणि मागे बुटकी आहे. त्यामुळे कर्ण मधोमध छेदत नाहीत, मध्यापासून दहा मिमी मागे सरकतात. मला आधी वाटलं फुली मध्यावर ओढून आणावी. कागदावर दोन्ही काढून भिंतीला लावलं. मध्यावर ओढलेली फुली कोपऱ्यांत पोचत नाही आणि चिकटवल्यासारखी वाटते. कोपऱ्यातून कोपऱ्यात जाणारी आपली आपण मागे सरकते आणि उताराशी बोलते. तीच ठेवली.

१ मार्च

जाळ्या.

तळाला गोल भोकं, ४ मिमी, मध्यांतर ५.५ मिमी, मधाच्या पोळ्याच्या मांडणीत. उघडं क्षेत्र ४८ टक्के. पावडर कोटिंगचा थर साधारण ७० मायक्रॉन धरला तर भोक ३.८६ मिमीचं राहतं आणि ४८ चे ४५ टक्के होतात. ड्रॉइंगवर कोटिंगनंतरचा आकडाच धरायचा. चार मिमीच्या वर जायचं नाही, कारण पुण्यात पाली आहेत आणि पालीच्या पिल्लाला बोर्डावरची ऊब फार आवडते. झुरळांसाठी आणि उन्हाळ्याच्या धुळीसाठी आतून नायलॉनची बारीक जाळी, ओढून काढता येईल अशा ट्रेमध्ये.

माथ्याला गोल भोकं नकोत. फॅनच्या डोक्यावर एवढ्या भागात साडेचारशेच्या वर भोकं होतात, लेझरवाला प्रत्येक भोकाला नव्यानं शिरतो आणि वेळेचे पैसे लागतात. त्यापेक्षा ४ मिमीच्या आडव्या फटी, मध्ये २.५ मिमीचा पत्रा, दर ४० मिमीला एक जोडपट्टी. उघडं क्षेत्र जास्त, काम कमी. फटी उताराला आडव्या असल्यामुळे समोरून एकामागे एक झाकल्या जातात. फॅनची पाती वळणदार आहेत, सरळ फटीवरून ती पूर्ण लांबीनं एकदम जात नाहीत, म्हणून सूर लागायची भीतीही कमी.

१५ मार्च

दर्शनी अंगाला सागवान. हे सुरुवातीपासून मनात होतं. घरात दिसणारी बाजू ती, आणि लोखंडावर घट्ट बसलेलं दहा मिमीचं लाकूड पुढच्या पत्र्याला घुमू देत नाही.

भवानी पेठेत टिंबर मार्केटला गेलो. नव्या सागवानाच्या फळ्या होत्या, पण एका वखारीत पाडलेल्या वाड्यांची लाकडं रचलेली. दाराच्या चौकटीचा एक तुकडा घेतला, बाहेरून काळाकुट्ट, खिळ्यांची भोकं. सुतारकाकांनी रंधा मारला आणि आतून मधाळ रंगाच्या सरळ, दाट रेषा निघाल्या. खिळ्याच्या एका भोकाभोवती लोखंडाचा निळसर काळा डाग लाकडात उतरलेला होता. काका तो भाग कापून टाकणार होते. मी म्हटलं, राहू द्या, तो खाली उजवीकडे येईल असा तुकडा काढा. पॉवरचं बटण तिथेच बसवायचं आहे.

“स्क्रू किती मारणार?” काकांनी विचारलं.

“सहा. मागून, पत्र्यातून.”

“जुनं आहे म्हणून फुगणार नाही असं समजू नका. पावसाळ्यात फुगणारच. आवळून टाकलंत तर मध्येच तडकेल.”

पुण्यात मार्च-एप्रिलची कोरडी हवा आणि जुलैची हवा यात लाकडातल्या ओलाव्याचा मोठा फरक पडतो. १२६ मिमी रुंदीला एक मिमीच्या आसपास हालचाल धरली आहे. मधले दोन स्क्रू घट्ट, कडेच्या चारांना पत्र्यात आडवी लांबट भोकं आणि वॉशर. लाकूड दोन्ही बाजूंना लोखंडाच्या कडेपासून २ मिमी आत. तेल पुढून लावायचं तेवढंच मागूनही, नाहीतर एका बाजूनं ओल शोषून फळी वाकते.

५ एप्रिल

रंग. विजेच्या पॅनलचा नेहमीचा राखाडी, आरएएल ७०३२ (आरएएल म्हणजे रंगांचे ठरलेले क्रमांक), कारखान्यात कायम तयार असतो आणि स्वस्त पडला असता. मावशी नमुन्याची पट्टी बघून म्हणाली, “हा तर आपल्या मीटरच्या पेटीचा.” काळा मला नको होता, कारण काळ्यावर फुलीची सावली मरते. चकचकीत रंगात पत्र्याची प्रत्येक बारीक लाट दिसते. शेवटी आरएएल १०१५, फिकट हस्तिदंती, मॅट. सागवानाशेजारी तो उबदार दिसतो, आणि खिडकीतून तिरपा उजेड आला की फुलीचे चार त्रिकोण चार वेगळ्या छटांचे होतात. इथली धूळही त्यावर लगेच डोळ्यात भरत नाही.

कोटिंगला देण्याआधी एका गोष्टीवर मी अडून बसलो: मास्किंग, म्हणजे काही जागा झाकून रंगापासून कोऱ्या ठेवणं. पावडर कोटिंग म्हणजे प्लॅस्टिकचा थर, वीज जात नाही. सगळे पत्रे पूर्ण रंगवले तर पाच पत्रे एकमेकांपासून तुटतात आणि अर्थिंग फक्त बोर्ड ज्यावर आहे त्या पत्र्याला मिळतं. आपल्याकडे कितीतरी जुन्या घरांत सॉकेटचं अर्थिंग नुसतं नावाला असतं. मग अडॅप्टरमधल्या फिल्टरच्या कपॅसिटरमधून अगदी किरकोळ करंट पेटीवर येतो आणि हात लावला की मुंग्या येतात. धोक्याचा नसला तरी माणूस दचकतो, आणि माइकच्या वायरीत तोच ५० हर्ट्झची घरघर होऊन उतरतो. म्हणून प्रत्येक जोडाच्या आतल्या बाजूला दहा मिमीचा गोल कोरा ठेवायचा, तिथे दातेरी वॉशर. मावशीच्या खोलीतल्या सॉकेटचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घेतलं.

कोटिंगवाल्यांनी सुरुवातीला नाक मुरडलं. गोल स्टिकर मीच लावून दिले.

१९ एप्रिल

जोडणी. १.२ मिमीच्या पत्र्यात एम-३ चा टॅप मारला तर आटे मिळतात जेमतेम दोन, चार वेळा उघडलं की संपले. सगळीकडे रिव्हेट नट, म्हणजे पत्र्यात आवळून बसवायचे आट्यांचे नट, वापरले आहेत. बाजूच्या पत्र्याखाली कडेनं रबरी पट्टी. फॅन स्क्रूनं नाही, सिलिकॉनच्या पिनांवर. पाय रविवार पेठेत बोहरी आळीत मिळाले, मिक्सरचे सुटे रबरी पाय, खाली नायलॉनचा जाड वॉशर टाकून बरोबर २० मिमी. बटण तापकीर गल्लीतून, १६ मिमीचं स्टीलचं. त्यातला निळा दिवा तोडून टाकला. रात्री वाचताना डोळ्यांसमोर निळा ठिपका नको. सागवानावरचा काळा डाग बटणाभोवती अर्धचंद्रासारखा आला आहे.

२७ एप्रिल

मावशीकडे चाचणी. बाहेर ऊन चाळिशीजवळ, रेकॉर्डिंगसाठी खिडक्या लावलेल्या आणि छताचा पंखा बंद. खोली ३३ अंश. खरी परीक्षा हीच. परदेशी चाचण्या बावीस-तेवीस अंशांच्या खोलीत होतात, आपल्याला त्या आकड्यांत दहा मिळवूनच बघावं लागतं.

वाचन रेकॉर्ड होत असताना फॅन ६०० च्या आसपास स्थिर. आवाज साफ करायला टाकला तेव्हा हळूहळू ८०० पर्यंत गेला. मी फोनवर आवाजाचा आलेख लावून बाजूला धरला होता, नजर ११० वर. सपाट पत्रा मुद्दाम जवळ ठेवला होता. तो बसवला की ७३० फेऱ्यांवर ११० पाशी स्पष्ट सुळका वर येतो, हात टेकवला की तळव्याला कळतो. फुलीचा पत्रा बसवला की तिथे काहीच नाही. फॅनचा स्वतःचा सूर तेवढा उरतो, आणि तो माइकपर्यंत पोचेस्तोवर खोलीच्या आवाजात विरतो.

मावशीनं हेडफोन लावून पाच मिनिटांची शांतता रेकॉर्ड केली आणि ऐकली. “शेजारच्यांचा कुकर ऐकू येतोय,” ती म्हणाली. “इतके दिवस कधी आला नव्हता.”

१ जून

यंदा मे संपायच्या आतच पाऊस धरला. व्हर्निअर घेऊन गेलो. सागवान पाऊण मिमीच्या जरा वर फुगलं आहे. दोन्ही कडांना लोखंडापासूनची फट अजून दीड मिमीच्या वर, दोन्हीकडे सारखी. फळी सपाट. कडेचे वॉशर भोकात सरकल्याच्या बारीक खुणा दिसतात.

तळाची जाळी काढून बघितली. दीड महिन्यात करड्या धुळीचा थर, त्यात एक बारीक किडा आणि पुष्कळ मुंग्या. आत बोर्डावर काही नाही.

१५ जून

भोसरीच्या गृहस्थांना फोटो पाठवले होते. त्यांनी फोन करून एकच विचारलं, फुलीचा मधला बिंदू वाकला तर नाही ना. नाही. त्यांच्याकडे आणखी दोन जणांनी चौकशी केली आहे म्हणे, म्हणून दुसरा संच कापायचा आहे. ड्रॉइंगमध्ये एकच बदल: तळाच्या जाळीचा ट्रे मागून न ओढता उजव्या बाजूनं ओढायचा. मागे अडॅप्टर आणि माइकच्या केबली आडव्या येतात आणि मावशीला जाळी धुवायला प्रत्येक वेळी सगळं सोडवावं लागतं. त्यासाठी उजवीकडची फुली आठ मिमी वर घ्यावी लागेल. डावीकडची आहे तिथेच राहील.